नावं तीन, औषध एक: दुखण्याची गोळी घेताना या चुका टाळा

चतुर्थी जवळ आली की आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या फार्मसीत कंबर धरून येणारी माणसं वाढतात. कोणी माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची चौकट) बांधून आलेला, कोणी घर झाडून-पुसून. मागणी एकच: "जरा जोराची दे रे." गोळी जोराची की हलकी, हे नंतर. आत कोणतं औषध आहे ते आधी बघा.

क्रोसिन, डोलो, कालपोल. नावं तीन, औषध एकच, पॅरासिटामॉल. ताप आणि दुखणं उतरवतं, सुजेवर फारसं चालत नाही, पण पोटाला सोसतं. ब्रुफेन म्हणजे आयबुप्रोफेन. पाय मुरगळला, दात ठणकला, पाळीत पोट दुखलं तर ते जास्त उपयोगी, कारण सूजही उतरते. काँबिफ्लाममध्ये मात्र दोन्ही आहेत: आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. घोळ होतो तो इथेच.

गेल्या पावसाळ्यात एका मावशींनी एकाच वेळी तापाला डोलो ६५० घेतली, सर्दीला सर्दीची गोळी आणि अंगदुखीला काँबिफ्लाम. सर्दीच्या गोळीतही ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होतं. बेरीज १४७५. मोठ्या, निरोगी माणसानं एका वेळी १०००, दिवसभरात ४००० मिलिग्रॅमच्या पलीकडे जाऊ नये आणि दोन डोसांत किमान चार तास ठेवावेत. मावशी म्हणाल्या, "पण तिन्ही गोळ्या वेगळ्या होत्या ना!" पॅरासिटामॉल फार झालं तर यकृत बिघडतं, आणि पहिल्या दिवशी ते कळतही नाही. थोडी मळमळ, बस. म्हणून गोळ्या जास्त झाल्या असं वाटलं तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता गोमेकॉ, म्हणजे गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, गाठा. उतारा आहे, पण पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. हुर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) दिवसांत रोज बैठक मारणाऱ्यांची मर्यादा ४००० च्या बरीच खाली असते, ती डॉक्टरांनाच विचारा.

पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा नाही हे तपासणीत कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांना हात लावू नका. डेंग्यूत प्लेटलेट्स उतरतात आणि या गोळ्या रक्तस्रावाचा धोका वाढवतात. ताप गेला, पण पोट जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत किंवा हिरड्यांतून रक्त येतंय, तर थेट दवाखान्यात.

डिस्प्रिन हीसुद्धा अ‍ॅस्पिरिनच. हृदयासाठी रोज इकोस्प्रिन ७५ (तीही अ‍ॅस्पिरिनच) घेणारे काका डोकं दुखलं की पाण्यात डिस्प्रिन विरघळवून पितात, ती माझ्या मते सर्वांत नजरेआड राहणारी चूक. त्यांना ब्रुफेनही विचारल्याशिवाय देत नाही. इकोस्प्रिनचं काम त्यानं अडू शकतं. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंड कमजोर असेल, आधी अल्सर झाला असेल किंवा बाई गरोदर असेल, तर आयबुप्रोफेन स्वतःच्या मनानं नको. बाकीच्यांनीही ते उपाशीपोटी घेऊ नये, आधी वाटीभर पेज पोटात जाऊ द्या.

मुलांच्या बाबतीत गफलत बाटलीत असते. पॅरासिटामॉलच्या थेंबांत साधारण १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा २५०. थेंबांची बाटली आणि सिरपचा चमचा अशी जोडी जमली की मात्रा कुठच्या कुठे जाते. बाटली बदलली की मुलाचं वजन सांगून मात्रा पुन्हा विचारा.