या चुका टाळा: कार्ट्रिज फिल्टर निवडताना मायक्रॉनचा आकडा सगळ्यात शेवटी

पाणी गाळायचं कार्ट्रिज, म्हणजे बदलता येणारी नळकांड्यासारखी गाळणी, घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "किती मायक्रॉनचं?" (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) उत्तरही ठरलेलं असतं: ५. पाण्यात काय आहे, ताशी किती पाणी जाणार, हाउसिंग (कार्ट्रिज बसतं तो डबा) कोणती, हे कुणी विचारत नाही. मग पंधरा दिवसांत कार्ट्रिज तुंबतं, नाहीतर वर्षभर तुंबतच नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट. का ते पुढे येईलच.

पाणी न तपासता फिल्टर लावणं

गाळाचं कार्ट्रिज फक्त न विरघळलेले कण अडवतं. क्षार, जडपणा, टीडीएस (एकूण विरघळलेले पदार्थ) त्यातून जसेच्या तसे पुढे जातात. १ मायक्रॉनचं कार्ट्रिज लावलं म्हणून गीझरमधला पांढरा थर थांबत नाही. त्याला सॉफ्टनर किंवा आरओ लागतो.

साधी चाचणी करा. पारदर्शक बाटली भरून रात्रभर न हलवता ठेवा. तळाशी गाळ बसून वरचं पाणी निवळलं, तर स्पन (वितळवलेल्या तंतूंचं) किंवा वाउंड (दोरा गुंडाळलेलं) कार्ट्रिज चालेल. सकाळीही पाणी गढूळच असेल, तर कण फार बारीक, कोलॉइडल, म्हणजे खाली न बसता तरंगत राहणारे आहेत. तिथे कार्ट्रिजमागून कार्ट्रिज बदलण्यात अर्थ नाही. आधी तुरटीसारखं रसायन देऊन कण एकत्र आणायचे, मग वाळूच्या फिल्टरमधून पाणी काढायचं. भरताना स्वच्छ दिसणारं पाणी नंतर पिवळट-तांबूस झालं, तर बहुधा त्यात विरघळलेलं लोह आहे. ते कार्ट्रिजमधून सहज निसटतं आणि पुढे हवा लागली की टाकीत गंजासारखं बसतं. हवा किंवा क्लोरीन देऊन ते आधी कणरूपात आणावं लागतं.

"५ मायक्रॉन" म्हणजे नेमकं काय, हे न विचारणं

नॉमिनल ५ आणि अ‍ॅब्सोल्यूट ५ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नॉमिनल म्हणजे त्या आकाराचे बरेचसे कण अडतील. "बरेचसे" म्हणजे किती टक्के, ते उत्पादक ठरवतो. अ‍ॅब्सोल्यूट रेटिंग अनेकदा बीटा ५००० वर दिलेलं असतं, म्हणजे ५००० कण आत गेले तर १ बाहेर, ९९.९८ टक्के. घरच्या गाळासाठी नॉमिनल पुरेसं आहे. महागड्या मेम्ब्रेनच्या (आरओमधल्या बारीक पडद्याच्या) किंवा बाटल्या भरण्याच्या मशीनच्या आधी मात्र टक्केवारी लेखी मागा.

प्रवाहाचा हिशेब न करणं

अडीच इंच व्यासाच्या १० इंची, ५ मायक्रॉन स्पन कार्ट्रिजला ताशी साधारण ७०० लिटर धरणं सुरक्षित. ४० इंचीला त्याच्या चौपट, म्हणजे २.८ घनमीटर. ताशी १० घनमीटर हवं असेल तर हिशेबाने ४० इंची ४ कार्ट्रिज येतात. ५ ची हाउसिंग घ्या. जास्तीचा खर्च वाया जात नाही, कारण प्रत्येकावरचा प्रवाह निम्मा केला तर आयुष्य अनेकदा दुपटीहून जास्त वाढतं. क्लोरीन काढणाऱ्या कार्बन ब्लॉक कार्ट्रिजला हा आकडा लावू नका. त्याला संपर्कासाठी वेळ हवा. १० इंचीला मिनिटाला ३-४ लिटरच्या पुढे गेलात की क्लोरीन निसटायला लागतं.

लांबी आणि टोक न जुळवणं

१० इंची म्हणून विकलं जाणारं कार्ट्रिज कधी पावणेदहा इंच भरतं, कधी पूर्ण दहा. दोन्ही टोकं उघडी असलेल्या प्रकारात एवढ्या फरकानेही कडेला फट राहते आणि पाणी कार्ट्रिजला वळसा घालून जातं. जुनं कार्ट्रिज काढल्यावर टोकाच्या गॅस्केटवर (रबरी चकतीवर) हाउसिंगच्या कडेचा पूर्ण गोल ठसा दिसायला हवा. अर्धवट दिसला, तर गळती तिथेच आहे. उद्योगात २२२ किंवा २२६ प्रकारची, दुहेरी ओ-रिंगची (गोल रबरी कड्यांची) टोकं घेतली की ही भानगड मिटते. मात्र हाउसिंगही त्याच प्रकारची लागते.

ईपीडीएम या रबराच्या ओ-रिंगला व्हॅसलीन किंवा पेट्रोलियम ग्रीस लावू नका. ती फुगते. सिलिकॉन ग्रीस वापरा.

तारखेवर बदलणं, गेज न पाहणं

कार्ट्रिजच्या आधी आणि नंतर असे दोन गेज (दाब दाखवणारे मीटर) हवेतच. नव्या कार्ट्रिजवर दाबातला फरक ०.१ ते ०.२ बार असतो; १ बारच्या आसपास गेला की बदला. आरओच्या आधी असेल तर फरक वाढला नाही तरी ३ महिन्यांच्या पुढे ठेवू नका. वाचन नेहमी सारख्याच प्रवाहावर घ्या, नाहीतर तुलना फसते.

आता ते "कधीच न तुंबणारं" कार्ट्रिज. गढूळ पाण्यावर महिनोन्‌महिने फरक वाढत नसेल, तर पाणी बाजूने जातंय. वाढलेला फरक अचानक खाली आला, तर कार्ट्रिज दबून फाटलंय किंवा जागेवरून सरकलंय. ताबडतोब उघडा.

लवकर तुंबत असेल तर वापरलेलं कार्ट्रिज आडवं कापून पाहा. पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट येण्याआधी यातूनच बरंच कळतं. मळ फक्त बाहेरच्या २-३ मिलिमीटरमध्ये आणि आत पांढरंशुभ्र असेल, तर त्याच्या आधी २० मायक्रॉनचं लावा. बुळबुळीत थर आणि वास असेल तर ती जिवाणूंची वाढ. क्लोरीनचा डोस तपासा. घरी पारदर्शक हाउसिंगवर ऊन येत असेल तर हिरवा थर शेवाळाचा असतो, त्यामुळे जागा बदला. तांबूस म्हणजे लोह. काळे कण दिसले तर बहुधा मँगनीज, किंवा आधीच्या फिल्टरमधून सुटलेला कार्बन. म्हणूनच नवं कार्बन कार्ट्रिज बसवल्यावर पहिली ५-१० मिनिटं पाणी सोडून द्यायचं, मेम्ब्रेनकडे जाऊ द्यायचं नाही.

स्पन कार्ट्रिज ब्रशने घासून पुन्हा लावण्याचा मोह होतो. वरचे धागे उसवतात, आतला मळ तसाच राहतो, आणि सुटलेले धागे पुढच्या व्हॉल्व्हमध्ये सापडतात.