कोरियन ध्वनींवर संशोधन करायचंय? आधी कान तयार करा

कोरियन भाषेकडे वळणारे बरेच विद्यार्थी हंगुल लिपीवर भाळून येतात. मीही तसाच आलो आणि ते प्रेम अजून ओसरलेलं नाही. राजा सेजोंगच्या काळात १४४३ मध्ये ही लिपी तयार झाली, १४४६ मध्ये जाहीर झाली. तिच्यासोबतच्या 'हेरये' या विवेचनात अक्षरांच्या आकारांची कारणं दिली आहेत. क-वर्गाच्या अक्षरात घसा अडवणारं जिभेचं मूळ आहे, 'न'च्या अक्षरात वर टेकलेली जीभ, 'म'मध्ये तोंड, 'स'मध्ये दात. उच्चार जोरकस झाला की अक्षरात रेघ वाढते. हे विवेचन १९४० मध्ये हाती आलं, तोपर्यंत या आकारांबद्दल नुसते तर्क चालत. स्थान आणि प्रयत्न यांवरून वर्णमाला शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्याला हे सगळं पटकन उमगतं.

पण विषय निवडताना लिपीपाशी थांबू नका, असं मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. मोठे प्रश्न आवाजात आहेत.

कोरियनमध्ये स्पर्श व्यंजनांचे, म्हणजे हवा क्षणभर अडवून सोडलेल्या क, त, प यांसारख्या व्यंजनांचे, तीन प्रकार आहेत: साधी, महाप्राण आणि कडक. चंद्र, मुखवटा आणि मुलगी या अर्थांचे तीन शब्द फक्त पहिल्या व्यंजनामुळे वेगळे होतात आणि शब्दारंभी ती तिन्ही व्यंजनं अघोष, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपनाशिवाय उच्चारलेली, असतात. आपला कान मात्र त, थ, द, ध अशा चार घरांत ऐकायला सरावलेला. त्यामुळे साधं व्यंजन कधी 'त' वाटतं, कधी 'थ', आणि दोन स्वरांमध्ये आलं की चक्क 'द'. म्हणून देवनागरीत टिपणं घेऊ नका. पहिल्या दिवसापासून आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरा.

लिस्कर आणि एब्रॅमसन या ध्वनिशास्त्रज्ञांचा १९६४ चा निबंध मुळातून वाचाच. स्पर्श सुटल्यापासून घोष सुरू होईपर्यंतचा वेळ, म्हणजे व्हीओटी, त्यांनी ११ भाषांत मोजला. त्यांत कोरियन आहे आणि मराठीही! घ, ध, भ यांना ग, द, ब यांपासून वेगळं करायला हे एकच माप पुरत नाही, हे तिथेच दिसतं. आजच्या कोरियनचीही तीच गत. सोलमधल्या तरुणांच्या बोलण्यात साध्या आणि महाप्राण व्यंजनांचा व्हीओटी एकमेकांत मिसळतो आहे. फरक कळतो तो पुढच्या स्वराच्या उंचीवरून: साध्यानंतर स्वर खालच्या पट्टीत, महाप्राणानंतर वरच्या. एक भाषा आपल्या डोळ्यांदेखत बदलते आहे आणि ते मोजता येतं! मला या विषयाचं सर्वांत मोठं आकर्षण हेच वाटतं.

मोजणीसाठी प्राट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्येच करा, एमपी३ नको. प्रत्येक शब्द एकाच ठरावीक वाक्यात बोलवून घ्या, कारण आधी स्वर आला की साधं व्यंजन घोष होतं आणि शब्दारंभीच्या नमुन्यांशी त्याची तुलनाच करता येत नाही. बोलणाऱ्याची लेखी संमती घ्या.

मराठी-संस्कृतची पार्श्वभूमी संधीच्या अभ्यासात फार उपयोगी पडते. वाक् + मय = वाङ्मय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कोरियनमधल्या रश्श्याचा शब्द 'गुक-मुल' लिहून 'गुङमुल' का उच्चारतात, हे समजावावं लागत नाही. आपण बदललेला उच्चार लिहितो, कोरियन मूळ रूप लिहितात. छोट्या प्रबंधाला एवढा विषय पुरेसा आहे.

भाषाविज्ञानाचा पाया पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये घालता येतो; कोरियन भाषेसाठी दिल्लीच्या जेएनयूत पदवीपासून सोय आहे. दोन्हींपैकी आधी काय, असं विचाराल तर माझं मत भाषाविज्ञान. सोबत थोडं संख्याशास्त्र शिका. आणि प्रत्येक फाइलवर बोलणाऱ्याचं जन्मवर्ष आणि गाव नोंदवा: बुसानकडच्या बोलीत स्वराच्या उंचीनेच शब्द वेगळे होतात, ते नमुने सोलच्या नमुन्यांत मिसळले तर उंचीचे आकडे वाचताच येणार नाहीत.