दारू आणि पेनकिलर : गोळी तोंडात टाकायच्या आधी काय बघायचं

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं धरून बसलेल्याला कुणीतरी हमखास सांगतं, "कॉम्बिफ्लाम घे, दोन घे". असले सल्ले ऐकून ऐकून डोकं फिरतं माझं, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

आधी पाणी प्या, ओआरएस असेल तर उत्तमच, आणि पोटात काहीतरी घाला. अर्ध्या लोकांना मग गोळी लागतच नाही.

तरीही लागली तर स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरात लिहिलेली औषधं वाचा, ब्रँडचं नाव नाही. सगळा घोळ इथेच होतो. मेडिकलवाला कात्रीने दोनच गोळ्या कापून देतो, मागे नुसतं "...फ्लाम" उरतं, आत काय आहे ते कळायला मार्गच नाही. म्हणून पूर्ण स्ट्रिप मागा, किंवा निदान आतल्या औषधांची नावं विचारून लिहून घ्या. मग पॅरासिटामॉलची बेरीज करा, अगदी कागदावर. दिवसभरात 650 च्या तीन गोळ्या म्हणजे 1950, अंगदुखीसाठी दोन कॉम्बिफ्लाम, त्यात प्रत्येकी 325, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत 500 असतंच, त्या दोन घेतल्या तर झाले 3600 मिलिग्रॅम. घेणाऱ्याला वाटतं आपण तीन वेगळी औषधं घेतली! धडधाकट मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅम ही अगदी वरची मर्यादा आहे, रोज पिणाऱ्याला डॉक्टर साधारण 2 ग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाहीत. कारण पॅरासिटामॉलचा थोडा भाग लिव्हरमध्ये विषारी होतो, त्याला निकामी करणारं ग्लुटाथायोन रोजच्या दारूने आणि उपाशी राहण्याने कमी होतं, आणि दारूमुळे ते विष तयारही जास्त होतं.

"मग पॅरासिटामॉल सोडा, ब्रुफेन घ्या" हा सल्ला तर त्याहून वाईट. आयब्रुफेन (ब्रुफेनमधलं औषध), डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक ह्या गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात, दारूने अंगातलं पाणी आधीच गेलेलं असतं, शिवाय पोटात रक्तस्राव व्हायची भीती वेगळीच. घरात कुणाला बीपीची गोळी चालू असेल, त्यातही सोबत लघवी वाढवणारं औषध असेल, तर त्यांना ह्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका, दारू घेतलेली असो वा नसो. निमेसुलाइड ही आणखी एक पेनकिलर, ती लिव्हरलाच त्रास देते, 12 वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात 2011 पासून बंदी आहे त्यावर, ते दारूसोबत नकोच.

लिव्हर-किडनी ठीक असेल, रोजची सवय नसेल, तर पोटात अन्न गेल्यावर 500 ची एक पॅरासिटामॉल, बास.

आणि बेरीज 4 ग्रॅमच्या वर गेली असेल तर "मला काही होत नाहीये" म्हणून घरी थांबू नका. पहिल्या दिवशी बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, कावीळ दोन-तीन दिवसांनी दिसते, आणि ह्यावरचं औषध, एन-असिटिलसिस्टिन, पहिल्या 8 तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं. सरळ हॉस्पिटल गाठा, रिकाम्या स्ट्रिपा सोबत न्या, आणि दारू किती आणि कधी घेतली ते डॉक्टरांना खरं सांगा, सोबत सासरे उभे असले तरी.