पाखाडीवरची नावं: शिमग्याआधीची तयारी

गावच्या कर्तबगार माणसांची नावं पाखाडीला, म्हणजे गावातल्या दगडी पायऱ्यांच्या वाटेला, लावायचं ठरलंय ना, मग आधी ती कुठे लागणार ते ठरवा. कोणाची लागणार, ते मागाहून. हॉलिवूडच्या फुटपाथवर १९६० पासून कलाकारांच्या नावांचे, पितळी कडांचे तारे जमिनीत बसवत आलेत आणि लोक खुशाल त्यांवरून चालतात. आपल्याकडे पुस्तकाला चुकून पाय लागला तरी हात कपाळाला जातो. पैगंबरांचंच नाव आपलंही, त्यावर कोणी पाय देऊ नये असं मुष्टियोद्धा मुहम्मद अलीला वाटलं, म्हणून त्याचा एकट्याचा तारा तिथे भिंतीवर आहे. तेव्हा पायऱ्या चालायला राहू देत, नावं गडग्यात, म्हणजे वाटेकडेच्या दगडी कुंपणात, जाऊ देत.

गडगा नुसता रचलेला असेल तर तेवढा तुकडा सिमेंटात बांधून घ्यावा लागेल. त्याआधी सातबारा काढा. गडगा बहुधा कुणाच्या तरी आगराचा (नारळी-पोफळीच्या बागेचा) असतो आणि सातबाऱ्यावर सात नावं असतात. सगळ्यांची संमती लेखी हवी, मुंबईच्या चुलत्याचीही. तो गणपतीत येतो तेव्हाच सही घेतलेली बरी. मग ग्रामसभेचा ठराव. वाट समुद्राला लागून असेल तर सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं, आधी विचारून ठेवा.

आता निकष. नावं डोळ्यांसमोर यायच्या आत लिहून काढा, नाहीतर प्रत्येक वाडी आपापला माणूस मोजून घेते. खरी कसोटी 'गावचा' म्हणजे कोण, इथे लागते. महर्षी कर्वे जन्मले खेड तालुक्यातल्या शेरवलीत, वाढले दापोलीजवळच्या मुरुडला, आयुष्याचं काम उभं केलं पुण्यात. साने गुरुजी पालगडचे, पण शिकवलं अमळनेरला. जन्म, बालपण, काम यातलं एक तरी गावात हवं, एवढा नियम मला पुरेसा वाटतो. पदव्या आणि पुरस्कारच मोजलेत तर यादीत नुसते मुंबईला गेलेले राहतील. दशावतारात चाळीस वर्षं राजा झालेला माणूस, अडल्या बाईसाठी रात्री-अपरात्री होडीतून खाडी ओलांडणारी सुईण, यांच्यासाठी जागा मुद्दाम राखावी लागते. माहेरवाशिणींचं नाव माहेरचं की सासरचं, हे त्यांनाच विचारा; त्या नसतील तर घरच्यांना.

दगडावर काटकसर नको. चिरा (जांभा दगड) इथलाच, दिसतोही छान, पण सच्छिद्र. त्यात बारीक अक्षर टिकत नाही आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. चौकट चिऱ्याची, पाटी काळ्या ग्रॅनाइटची, अक्षरं खोल कोरलेली. खाऱ्या वाऱ्यात पितळ काळंहिरवं पडतं. लोखंडी खिळ्याचा तांबडा ओघळ तर दोन पावसांत नावावरून खाली येतो. बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच मागा, दुकानदार 'हेच चालतं' म्हणाला तरी.

मजकूर तिघांनी वाचावा, त्यातला एक घरचा. युनिकोडमधला मजकूर जुन्या फॉण्टमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरं उडतात. आमच्या वाचनालयाच्या फलकावर 'कीर्तनकार'चं 'कीतनकार' झालं होतं, आणि ते उद्घाटनाला फीत कापल्यावर एका चौथीतल्या पोराने मोठ्याने वाचलं. तेव्हापासून आम्ही खऱ्या मापाचा कागद काढून भिंतीवर चार दिवस चिकटवतो. येणारा-जाणारा चूक काढतोच, फुकट.

बांधकाम दिवाळीनंतर, उद्घाटन शिमग्यात. तेव्हा चाकरमानी घरी असतात. फक्त पालखीच्या वाटेत मांडव घालू नका, मानकऱ्यांना आधी विचारा. भाषणं दोन, नारळ एक. दोन-तीन पाट्या कोऱ्या बसवून ठेवा, पुढच्या वर्षी गडगा फोडावा लागणार नाही.

आणि मृगाचा पहिला जोरदार पाऊस आला की छत्री घेऊन एक फेरी मारा. गडग्यामागून पाणी कुठे झिरपतंय, पागोळी कुठल्या पाटीवर पडतेय, ते तेव्हाच दिसतं.