अडीच आटे आणि तांब्याचं ग्रीस: नाशिकमध्ये डोलकाठीचं काम शिकताना

नाशिकला राहून शिडाच्या बोटींचं काम करतो म्हटलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "कुठे, रामकुंडात?" हसू द्यावं. गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर दिसतात त्या इंजिनाच्या बोटी, त्यातलं मला फारसं कळत नाही. माझ्याकडे येतात त्या समुद्रावरच्या. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की टेम्पोवर चढून, डोलकाठीच्या टोकाला लाल फडकं बांधून कसारा घाट चढून येतात. अंबड-सातपूरला कारखाना असलेल्या दोन-तीन शेठ लोकांना हा छंद आहे, आणि लेथ, टॅप, टेस्टिंग सगळं इथे हाकेच्या अंतरावर मिळतं हे त्यांना ठाऊक आहे.

आयटीआयची पोरं मधूनमधून हे काम कसं शिकायचं ते विचारतात, म्हणून हे लिहितोय. ड्रिल, टॅप, फाइल, व्हर्नियर येतं असं धरून चालतो. ते येत नसेल तर आधी ते शिका, बोट कुठे पळून जात नाही.

माझी पहिली बोट सोळा फुटी कॅटामरान, हॉबी १६ च्या घाटणीची. ही बोट हॉबी अल्टर नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियात १९७० च्या सुमाराला काढली आणि तिची रचना अजून जवळपास तीच आहे. दोन हल (पाण्यावर तरंगणारी लांबट धडं), मध्ये ताणलेलं कापड, त्यावर साधारण सव्वीस फुटांची अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी. ही काठी बोटीत खिळलेली नसते. खाली एका गोळ्यावर नुसती टेकलेली असते, वाऱ्याबरोबर स्वतःभोवती फिरते, आणि तिला उभं धरतात तीन तारा: एक पुढे, दोन बाजूंना. मागे तार नाही. या तिन्ही तारा वर एका पत्र्याला येऊन मिळतात, त्याला टँग म्हणतात. टँग सुटला की काठी खाली. मधली पायरी नाही.

साधी बोट वारा वाढला की कलते आणि थोडा वारा सांडून देते. कॅटामरान रुंद असल्यामुळे लवकर कलत नाही, म्हणून सगळा झटका तारांवर आणि टँगवर येतो. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर आमच्या शेडच्या उस्तादांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

तर टँगचे जुने रिवेट हलत होते. मी विचार केला, रिवेट म्हणजे काय, पत्र्याच्या कपाटाचं काम. आपण फिटर आहोत, स्क्रू लावू. जुने रिवेट ४.८ मिलिमीटरचे, भोकं थोडी मोकळी झालेली. ती पाचची केली, एम-६ चा टॅप मारला, स्टेनलेसचे स्क्रू बसवले. आता हिशेब करा, जो मी तेव्हा केला नाही. एम-६ चा पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, एक मिलिमीटर, काठीची भिंत अडीच मिलिमीटर, म्हणजे धरायला आटे किती? अडीच. अडीच आट्यांवर मी सव्वीस फुटांची काठी टांगली, वर "मस्त बसलं" म्हणून शेठना फोटोही पाठवला.

पण आटे कमी पडले एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. माझी खरी चूक ग्रीसची. आमच्या शेडमध्ये रॅकवर तांब्याच्या ग्रीसचा डबा कायम असतो. डायच्या गरम बोल्टला, एक्झॉस्टच्या स्टडला, जिथे स्टेनलेस अडकून बसण्याची भीती तिथे आम्ही ते लावतो, आणि तिथे ते बरोबरच आहे. स्टेनलेसचा स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये पक्का अडकतो हे मला माहीत होतं. म्हणून प्रत्येक स्क्रूला ते ग्रीस चोपडलं, चांगल्या सवयीने, अभिमानाने.

यात काय चुकलं ते नीट सांगतो, कारण हे कुठल्या ट्रेडच्या वहीत मला सापडलं नाही. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारं पाणी असलं, की तो एक छोटा सेल होतो, बॅटरीसारखा. त्यात जो धातू कमी 'उच्च', तो झिजतो. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेसच्या जोडीत मरतं अ‍ॅल्युमिनियम. तांबंही या उतरंडीत अ‍ॅल्युमिनियमपासून बरंच लांबचं. म्हणजे मी स्क्रू आणि काठीच्या मध्ये वंगण म्हणून तिसरा धातू भरला, तोही अ‍ॅल्युमिनियमचा वैरी. ग्रॅफाइटचं ग्रीसही तसंच, ग्रॅफाइट वीज वाहतं. त्यात टँगचा स्टेनलेस पत्रा चांगला मोठा, आणि खाल्लं जाणारं अ‍ॅल्युमिनियम म्हणजे भोकाच्या कडेची ती बारीक किनार. झीज सगळी त्या किनारीवर एकवटते.

त्यावर आणखी एक लबाडी. अ‍ॅल्युमिनियम गंजलं की लाल दिसत नाही. पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि फटीत दाबून बसते. त्यामुळे फिटिंग हलत नाही. उलट आणखी घट्ट वाटतं. हाताने हलवून बघितलं, पक्कं आहे, चला.

दिवाळीनंतर बोट अलिबागला गेली. मे महिन्यात परत आली. काठी आडवी ठोकळ्यांवर ठेवली, मी टँगवर फडकं फिरवलं आणि एक स्क्रू बोटांनी फिरला. पाना लावावा लागला नाही. बाहेर काढला तर आट्यांमध्ये तांबूस-काळा चिखल, त्यात पांढरे कण, आणि अ‍ॅल्युमिनियमचा आटा स्प्रिंगसारखा गुंडाळून स्क्रूबरोबरच बाहेर आलेला. दुसरा स्क्रू थोडा जोर लावल्यावर आला. तिसरा शाबूत होता. अख्खा हंगाम ती बोट, तिच्यावर शेठ आणि त्यांची मुलगी, दोन स्क्रूंच्या भरवशावर चालली होती. मी तिथेच शेडच्या पायरीवर बसलो. अजूनही तो स्क्रू आठवला की पोटात कालवतं.

शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुरुस्ती उस्तादांच्या हाताखाली झाली. पहिली गोष्ट, खाल्लेल्या भोकांत एम-सील भरून वरून पुन्हा ड्रिल मारण्याचा सल्ला मला तीन जणांनी दिला होता, आणि वेल्डिंगचा दोघांनी. दोन्ही नको. एम-सील टाकीच्या गळतीला ठीक. आणि ही काठी उष्णतेने कडक केलेल्या मिश्रधातूची असते, वेल्डिंगच्या आचेने ती नेमकी तिथेच मऊ पडते. वेल्ड सुंदर दिसतो, काठी त्याच्या शेजारी मोडते. व्हिडिओवर बघून वेल्डिंग करणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

आम्ही काठीच्या वळणाला बसेल अशी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घडवली, टँगपेक्षा लांब, आणि तिचे रिवेट वर-खाली निरोगी धातूत घेतले. नवं भोक जुन्याच्या अगदी शेजारी कधीच नाही. दोन भोकांत निदान तीन व्यासांचं अंतर, कडेपासून दोन व्यास. रिवेट ४.८ चेच, भोक ४.९, रिवेट आणि त्याची आतली खीळ दोन्ही ३१६ प्रतीचं स्टेनलेस. खीळ साधी लोखंडी असली तर ती आत गंजते. असे रिवेट इथे सहज मिळेनात, म्हणून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला नागदेवी स्ट्रीटला गेलो. तिथे दुकानदार म्हणाला "३१६ आहे" आणि त्याने लोहचुंबक लावून दाखवलं. चुंबकावर विश्वास ठेवू नका. २०२ प्रतीचं स्टेनलेससुद्धा चुंबकाला चिकटत नाही. मॉलीचा, म्हणजे मॉलिब्डेनम तपासायचा थेंब टाकून बघा. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये आणि २०२ मध्ये ते नसतं. ज्याच्याकडे ती छोटी किट आहे असा भंगारवाला किंवा स्टीलवाला अंबडमध्ये शोधून ठेवा, मैत्री करा.

जुने रिवेट काढताना घाई नको. आधी पंचाने खीळ आत ठोका, मग फक्त डोकं उडवा. कोबाल्टचं बिट, कमी स्पीड, भरपूर तेल. स्पीड वाढवला की स्टेनलेस आणखी कडक होतं, बिट घसरून शेजारच्या मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये घुसतं आणि भोक लंबगोल होतं. रिवेट बिटाबरोबर फिरायला लागला तर थांबा, छिन्नीने डोकं धरा. आणि ४.८ चे स्टेनलेस रिवेट घरगुती एकहाती रिवेटरने ओढायला जाऊ नका, लांब हाताचा घ्या. माझं मनगट आठवडाभर सुजलं होतं.

ग्रीसच्या जागी काय? धातू धातूला टेकणार नाही असं काहीही. टँगखाली पातळ नायलॉनचा शीट कापून टाकला, प्रत्येक रिवेट झिंक क्रोमेट प्रायमरमध्ये बुडवून ओला असतानाच ओढला. हातमोजे घालून, क्रोमेट विषारी आहे. बाहेर यासाठी खास पेस्ट मिळतात, त्या मागवता आल्या तर उत्तम, नाही आल्या तरी काम अडत नाही. वीज न वाहणारा थर मध्ये राहिला पाहिजे, एवढंच बघायचं.

टँग नवा करताय तर तारांची टोकंही बघा. जिथे तार दाबून बसवलेली असते तिथेच ती आतून तुटते. तारेतला एक जरी धागा तुटून वर आलेला दिसला तरी ती तार बाद, आणि बदलायची तर दोन्ही बाजूंची जोडीने. टोकं आणि टँग यांची डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट करून घ्या. लाल रंग, पुसणं, पांढरा पावडरी फवारा, आणि केसाएवढी भेग असली तरी लाल रेघ उमटते. आपल्याकडे हे काम वेल्डिंगवाले रोज करतात, अलिबागला त्यासाठी माणूस शोधावा लागतो. नाशिकचा हा एक फायदा आहे.

आणि काठी उभी करण्याआधी वर बघा. सव्वीस फूट अ‍ॅल्युमिनियम म्हणजे सव्वीस फूट वीजवाहक. आमच्या शेडबाहेरून लाइन जाते, म्हणून आम्ही काठी तिथे उभी करतच नाही, मागच्या पटांगणात नेतो. याबाबतीत कुणाची थट्टा ऐकून घेऊ नका, शेठ असले तरी.

बाकी फिटिंग, म्हणजे वरची पुली, हॅलयार्डचा (शीड वर ओढायच्या दोरीचा) लॉक, खालचा बेस, स्प्लिट पिना, हे सगळं मोजून, फोटो काढून, जसंच्या तसं बदललं की होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन-तीन बोटी झाल्या की हात बसतो. पैसे सुरुवातीला नसतात. पहिल्या कामाचे मला चार हजार मिळाले, दुसऱ्यांदा तेच काम फुकट केलं आणि नागदेवीचं भाडंही खिशातलं.

उस्तादांबद्दल एक सांगतो. ते कधी बोटीत बसलेले नाहीत, समुद्रही त्यांनी दोनदाच पाहिलाय. पण त्या मे महिन्यात त्यांनी स्क्रू हातात घेतला, आट्यांतला चिखल नखाने काढला, नाकाला लावला आणि फक्त रॅककडे बघितलं. दुसऱ्या दिवशी तांब्याच्या ग्रीसच्या डब्यावर खडूने लिहिलेलं होतं, "बोटीला नाही". खडू पुसला जातो. दर पावसाळ्याच्या आधी ते पुन्हा लिहितात.