नवं फ्रेमवर्क निवडताना: एका ग्रंथालयाच्या देवघेवीचा प्रोग्रॅम

नुकतीच पदवी घेतलेली किंवा पहिल्या नोकरीत वर्षभर काढलेली मुलंमुली हमखास विचारतात, "सर, सध्या काय शिकू? इलेक्ट्रॉन, टाउरी, फ्लटर, की डॉटनेटच धरून राहू?" ही सगळी फ्रेमवर्क, म्हणजे ॲप बांधायच्या तयार चौकटी. वेब आणि डेस्कटॉप या दोन्हीकडे मी बरीच वर्षं काम करतोय, तेव्हा माझ्याकडे एखादं नाव तयार असेल असं त्यांना वाटतं. मी त्यांना एक प्रोग्रॅम लिहायला देतो, आणि तोच प्रोग्रॅम किमान दोन वेगळ्या प्लॅटफॉर्मवर लिहून बघा म्हणतो. पुढचा निर्णय त्यांचा त्यांना घेता येतो.

प्रोग्रॅम आहे गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेवीचा. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं गावोगावी आहेत. त्यातलं ड वर्गाचं एखादं डोळ्यांसमोर आणा. एक ग्रंथपाल, एक जुना कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि नेट असलं तर असलं. सभासद, पुस्तकं आणि देवघेव एवढी तीन टेबलं. सभासदांची यादी आडनावाप्रमाणे लागली पाहिजे, पुस्तक नावावरून सापडलं पाहिजे, वर्गणीची पावती छापली गेली पाहिजे, आणि सगळं पेनड्राइव्हवरून बसवता आलं पाहिजे. मजकूर अर्थातच मराठी.

ट्युटोरियलमधली टू-डू लिस्ट यासाठी चालत नाही. ती इंग्रजीत असते, तिला काही छापायचं नसतं, आणि ती लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपबाहेर कधी जात नाही. प्लॅटफॉर्मची खरी ओळख होते ती नेमकी या तीन ठिकाणी.

आधी यादी लावण्याचं बघू. कावळे, काशीकर, कासार, काळे अशी चार आडनावं घ्या. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणून काळे शेवटी यायला हवेत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक (कोड) देणाऱ्या मानकात, मात्र ळ ची जागा ल आणि व यांच्या मध्ये आहे. जावास्क्रिप्टचं साधं सॉर्ट कोडच्या क्रमाने चालतं, त्यामुळे काळे थेट पहिले येतात. एसक्यूलाइट या एका फाइलमधल्या डेटाबेसमध्ये ऑर्डर बाय (क्रम लावण्याची सूचना) लावलात तरी तेच, कारण तिथे मुळात बाइट्सची तुलना होते. रस्ट (टाउरीची भाषा) आणि डार्ट (फ्लटरची भाषा) यांतल्या साध्या तुलनेचंही तसंच. इलाज आहे. जावास्क्रिप्टमध्ये इंटल कोलेटर या तुलना करणाऱ्या साधनाला मराठी लोकेल, म्हणजे भाषेची ओळख, द्यायचं. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, सगळ्या भाषांचा आयसीयू डेटा (भाषांचे क्रम लावण्याचे वगैरे नियम) नोडसोबतच येतो. डॉटनेटने ५ व्या आवृत्तीपासून विंडोजवरही आयसीयू वापरायला घेतलं, आणि रस्टसाठी आयसीयू४एक्स आहे. ही चार आडनावं बरोबर लावायला किती खटपट पडली, याची नोंद ठेवा. माझ्या मते प्लॅटफॉर्मबद्दलची ही पहिली खरी माहिती.

शोध त्याहून अवघड आहे. पुस्तकाच्या नावात "दऱ्या" हा शब्द आहे असं धरा. कोणी तो ऱ, हलंत, य असा टाइप केलेला असतो. कोणाच्या कीबोर्डने र, हलंत, झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह आणि मग य असं घातलेलं असतं. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतं आणि दुसरं सापडत नाही. ग्रंथपाल म्हणतात, "पुस्तक समोर कपाटात आहे आणि कॉम्प्युटर नाही म्हणतोय." ॲ चीही तीच गत. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीपासूनची सवय म्हणून आजही काहीजण अ वर ॅ देऊन ते काढतात. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एनएफसी, र खाली नुक्ता दिलेला असेल तर त्याचा ऱ करून देतं. झेडडब्ल्यूजेला ते हात लावत नाही, आणि अ वरच्या ॅ चा ॲ करत नाही. म्हणून शोधासाठी टेबलात एक वेगळा रकाना ठेवा. मजकूर साठवतानाच ही सगळी रूपं एका रूपात आणून त्या रकान्यात टाका, आणि शोधायच्या शब्दावरही तीच प्रक्रिया करा. चाळीस-पन्नास ओळींचं काम आहे, पण ते करताना मजकूर आत कसा साठतो हे जेवढं कळतं तेवढं कुठल्या कोर्समध्ये कळत नाही.

आकड्यांकडेही एकदा बघून घ्या. ग्रंथपालांनी रक्कम "२५" अशी देवनागरीत भरली तर जावास्क्रिप्टचं पार्सइंट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) ती घेत नाही, नॅन, म्हणजे "आकडा नाही", असं उत्तर देतं. पायथॉनचं इंट मात्र निमूटपणे पंचवीस करून देतं. पावतीवर लांब नाव कापायचं असेल तर "क्षत्रिय" या शब्दाची लांबी जावास्क्रिप्ट ८ सांगतं हे लक्षात असू द्या. दिसायला तीन अक्षरं आहेत, आणि मध्येच कापलंत तर हलंत लोंबकळत राहतो.

आता छपाई. ब्राउझरच्या इंजिनावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉन किंवा टाउरीत देवनागरीची मांडणी इंजिनच करतं, क्रोमियममध्ये, म्हणजे क्रोमच्या मुळाशी असलेल्या ब्राउझरमध्ये, ते काम हार्फबझ ही लायब्ररी करते. फ्लटर स्वतःची चित्रं स्वतः काढतो, पण मजकुरासाठी त्याच्या इंजिनातही हार्फबझच आहे, त्यामुळे स्क्रीनवर सगळं नीट दिसतं. घोळ होतो तो पीडीएफ बनवताना. पीडीएफ थेट बनवणाऱ्या काही छोट्या लायब्ऱ्या अक्षरांची जुळणी करतच नाहीत, एकामागून एक चिन्हं ठेवत जातात. मग "विद्यार्थी" मधली पहिली वेलांटी व च्या आधी यायची ती नंतर येते, आणि रफार थी वर चढायच्या ऐवजी सुटा र आणि हलंत असा पडून राहतो. म्हणून लायब्ररी निवडण्याआधी त्यात "विद्यार्थी", "दऱ्या" आणि "ॲड्रेस" हे तीन शब्द छापून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. प्रोजेक्ट संपत आल्यावर हे कळलं की पावतीचा सगळा भाग नव्याने लिहावा लागतो.

बसवण्याबद्दल कोणी शिकवत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो. इलेक्ट्रॉन क्रोमियम आणि नोड दोन्ही आपल्यासोबत घेऊन येतो. २०१३ साली गिटहब या कोड साठवण्याच्या सेवेच्या कंपनीत ॲटम एडिटरसाठी तो बनला, तेव्हा त्याचं नाव ॲटम शेल होतं. ॲटम २०२२ च्या डिसेंबरमध्ये बंद झाला, त्याचा पाया मात्र व्हीएस कोडसारख्या कित्येक प्रोग्रॅमखाली आजही आहे. सगळं सोबत असल्याने ॲप जड होतं, पण तुमच्या मशीनवर जसं चालतं तसंच समोरच्याच्या मशीनवर चालतं. टाउरीची पहिली आवृत्ती २०२२ मध्ये आली, दुसरी २०२४ मध्ये. तो रस्टमध्ये आहे आणि ब्राउझर सोबत आणत नाही, मशीनवर असलेला वापरतो. विंडोजवर वेबव्ह्यू२, मॅकवर डब्ल्यूकेवेबव्ह्यू, लिनक्सवर वेबकिटजीटीके. त्यामुळे ॲप अगदी लहान होतं, पण तीन इंजिनांवर तीनदा तपासावं लागतं.

विंडोज ११ मध्ये वेबव्ह्यू२ आधीपासून असतो. आपल्या ग्रंथालयाच्या जुन्या मशीनवर तो नसेल आणि नेटही नसेल, तर त्याचा ऑफलाइन इन्स्टॉलर सोबत द्यावा लागतो, आणि तो शंभर एमबीच्या वर जातो. म्हणजे आकाराचा फायदा तिथे संपला. मशीनवर विंडोज ७ असेल तर गणित आणखी बदलतं. इलेक्ट्रॉनची २२ वी आवृत्ती विंडोज ७ वर चालणारी शेवटची होती, २३ पासून तो आधार काढून घेतला. अशा मशीनसाठी मला कोणी विचारलं तर मी डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वरचं विनफॉर्म्स (विंडोजच्या स्क्रीन बनवण्याचं जुनं साधन) सुचवतो, आणि मशीन नेटपासून दूरच ठेवा म्हणतो. नव्या मुलांना हे ऐकून वाईट वाटतं. पण समोरच्या माणसाचं काम आज चालू झालं पाहिजे.

मग सहीचा, म्हणजे प्रोग्रॅम कोणी बनवला हे सांगणाऱ्या डिजिटल सहीचा, मुद्दा. सही नसलेला इन्स्टॉलर चालवला की विंडोजची स्मार्टस्क्रीन ही सुरक्षा तपासणी निळी खिडकी दाखवून अडवते, आणि ग्रंथपाल घाबरून फोन करतात. कोड सायनिंगचं सर्टिफिकेट विकत घ्यावं लागतं. जून २०२३ पासून त्याची खासगी किल्ली टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, फाइल कॉपी करून सही करण्याचे दिवस गेले. मॅकसाठी ॲपलच्या डेव्हलपर प्रोग्रॅमची वर्षाची ९९ डॉलर फी आणि शिवाय नोटरायझेशन, म्हणजे ॲपलकडून ॲपची तपासणी. प्रोजेक्टचा अंदाज देताना हा खर्च पहिल्याच दिवशी धरा, कारण ग्राहकाला तो नंतर सांगणं फार अवघड जातं.

हीच पावती-यादी वेबवर करून ब्राउझरमध्ये का देऊ नये, असंही मुलं विचारतात. जिथे नेट भरवशाचं आहे आणि शाखा दोन-चार आहेत तिथे जरूर द्या, बसवण्याची सगळी कटकट संपते. प्रिंटर, पेनड्राइव्हवरचा बॅकअप आणि दिवसदिवस नेट नसणं हे तिन्ही एकत्र आलं की मात्र मी डेस्कटॉपकडे वळतो.

प्लॅटफॉर्मच्या आयुष्याचा विचारही करावाच लागतो. मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइट हे ब्राउझरमधलं प्लगइन २००७ मध्ये आलं तेव्हा वेबवरचं पुढचं सगळं त्यातच होणार असं वातावरण होतं, आमच्यातल्या अनेकांनी मन लावून ते शिकून घेतलं. पाचवी आवृत्ती २०११ च्या डिसेंबरात आली आणि तीच शेवटची ठरली. क्रोमने २०१५ मध्ये असे प्लगइन चालवणंच थांबवलं, आणि १२ ऑक्टोबर २०२१ ला मायक्रोसॉफ्टचा आधारही संपला. मोबाइल ॲपसाठीच्या झॅमारिनचा आधार मे २०२४ मध्ये संपला, त्याची जागा २०२२ मध्ये आलेल्या माउईने घेतली. उलट १९९८ च्या व्हीबी६ (व्हिज्युअल बेसिक ६) मध्ये बनवलेले प्रोग्रॅम विंडोज ११ वरसुद्धा उघडतात, कारण ते चालवणारं रनटाइम अजून विंडोजसोबत येतं.

सिल्व्हरलाइट शिकलेल्यांचं सगळं वाया गेलं का? डेटा बाइंडिंग (डेटा बदलला की स्क्रीन आपोआप बदलणं), स्क्रीन आणि तिच्यामागचं लॉजिक वेगळं ठेवणं, सर्व्हरला हाक देऊन उत्तर येईपर्यंत स्क्रीन अडकू न देणं, हे सगळं तिथे हाताला लागलं. पुढे अँग्युलर किंवा व्ह्यू ही वेबची फ्रेमवर्क हातात आल्यावर त्यातल्या निम्म्या गोष्टी ओळखीच्या निघाल्या. अँडर्स हेल्सबर्ग यांचंच उदाहरण घ्या. टर्बो पास्कल, डेल्फी, सी शार्प आणि २०१२ मधलं टाइपस्क्रिप्ट, या सगळ्या भाषांमागे आणि साधनांमागे तो एकच माणूस आहे. डेल्फीत काम केलेल्या माणसाला सी शार्पमधल्या प्रॉपर्टी आणि इव्हेंट परके वाटले नाहीत, त्याचं कारण हेच.

म्हणून नवीन टूल घेताना मी आधी त्याची आधाराची मुदत वाचतो. प्रत्येक शहाण्या प्रोजेक्टचं तसं पान असतं. इलेक्ट्रॉनची मोठी आवृत्ती दर आठ आठवड्यांनी येते आणि शेवटच्या तीनच आवृत्त्यांना आधार असतो. म्हणजे तुम्ही दिलेलं ॲप सहा महिन्यांच्या आत शिळं होतं, आणि आतल्या क्रोमियमच्या सुरक्षा दुरुस्त्या पोचवण्याची जबाबदारी तुमची. वेबव्ह्यू२ मायक्रोसॉफ्ट परस्पर अद्ययावत करतं, ही टाउरीची मोठी सोय. डॉटनेटच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना तीन वर्षं मिळतात. एसक्यूलाइटवाल्यांनी तर २०५० पर्यंत सांभाळ करण्याचं ठरवलेलं आहे, आणि २००४ पासूनच्या तिसऱ्या मालिकेतल्या फाइल्स आजही उघडतात. ग्रंथालयाची नोंद पिढ्यान्‌पिढ्या टिकायची असते. स्क्रीन दर पाच वर्षांनी नवी लिहा, माहिती मात्र अशाच फाइलमध्ये ठेवा.

आता एआयचे मदतनीस हाताशी आहेत, आणि मुलं विचारतात की दोनदा लिहायचं कशाला, ते लिहून देतील. जरूर घ्या मदत, मीही घेतो. पण सभासदांची यादी लावून दे म्हटलं की ते बऱ्याचदा साधं सॉर्ट लिहून मोकळे होतात. चालवून बघितलं तर काळे पहिले. चार आडनावांची ती टेस्ट तुमच्याकडे लिहिलेली असेल तर चूक तिथल्या तिथे सापडते, म्हणून टेस्ट आधी स्वतः लिहा आणि कोड नंतर मागा.

आज कोरी पाटी घेऊन बसणाऱ्याला मी टाइपस्क्रिप्ट, एसक्यूएल आणि ब्राउझरची मूळ साधनं यांपासून सुरुवात करायला सांगेन. त्यावर इलेक्ट्रॉनमध्ये पहिली आवृत्ती करा, कारण अडलात तर उत्तरं सहज मिळतात. नंतर तीच स्क्रीन टाउरीत न्या. फरक नेमका कुठे पडतो ते दिसेल, आणि थोडं रस्टही वाचून होईल. ज्यांना विंडोजवरच्या कंपन्यांमध्ये काम करायचंय त्यांनी दुसरी आवृत्ती सी शार्पमध्ये करावी, पुण्यात आणि मुंबईत अशी कामं भरपूर आहेत.

दोन्ही आवृत्त्या गिटहबवर ठेवा आणि रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये मराठीत किंवा इंग्रजीत लिहा: इन्स्टॉलर किती एमबीचा झाला, जुन्या मशीनवर उघडायला किती वेळ लागला, यादी बरोबर लावायला काय करावं लागलं, पावती कुठे अडली. मुलाखतीला आलेल्या मुलाकडे असं पान असलं की मी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवतो आणि लॅपटॉप उघडून ते दाखव म्हणतो.