पावसात गाडी घसरू नये म्हणून टायर आत्ताच बघून घ्या

इंदूरमध्ये पहिल्या पावसाचे दोन-चार दिवस सगळ्यात डेंजर, कारण रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ पाण्यात मिसळून चिकट थर होतो. एबी रोड असो की भेरूघाट, टायर गुळगुळीत असेल तर कितीही भारी ड्रायव्हर असा, काही उपयोग नाही.

टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे दिसतात, साइडला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं त्याच्या सरळ रेषेत. रबर झिजून त्यांच्या लेव्हलला आलं म्हणजे खाच १.६ मिमी उरली, टायर बाद. पण मी म्हणेन ३ मिमीलाच बदला, कारण पाणी बाहेर फेकायचं काम खाचा करतात आणि त्या उथळ झाल्या की टायर पाण्यावर तरंगतो, स्टीअरिंग एकदम हलकं लागतं. तेव्हा करकचून ब्रेक मारू नका, ॲक्सिलरेटर हळूच सोडा, स्टीअरिंग सरळ धरा.

हवा थंड टायरमध्येच चेक करा, दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो. पावसात ग्रिपसाठी हवा कमी करा असं सांगणारे खूप भेटतात, ऐकू नका, उलट लवकर घसरेल.

टायरच्या साइडला डीओटी (DOT) ने सुरू होणारा कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला, तर दुकानदार डिस्काउंट देतोय म्हणून जुना स्टॉक उचलू नका. आणि बजेटमुळे दोनच नवे घेत असाल तर ते मागे लावा, भले गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिन पुढची चाकं फिरवतं ती) असो, कारण पुढचं घसरलं तर निदान वेग कमी करून सावरता येतं, मागचं सुटलं की गाडी गरकन फिरते.